शेरा

नायगावच्या शस्त्रागारात बावीस वर्षं
मी लोकांचे हात बघतोय.
ज्योतिषी रेषा बघतो, मी बोटांची लांबी.
अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत
फीत लावतो.
फीत बायकोच्या शिवणाच्या डब्यातली,
अजून परत दिलेली नाही.

जुन्या रिव्हॉल्व्हरची मूठ लाकडी,
जात्याच्या खुंट्यासारखी
किती तळव्यांनी गुळगुळीत केलेली.
सहा घरं. फिरतं, थांबतं, फिरतं.
खटका जड,
माणसाला दोनदा विचार करायला लावणारा.
रुसणं त्याला ठाऊक नाही,
पण रिकामं झालं की भरेस्तोवर
समोरचा परळ नाक्यापर्यंत पोचलेला असतो.

नऊ एमएमच्या पोटात तेरा,
म्हणून मूठ जाडजूड.
खरपुडे साहेबांच्या पंजात ती लाडवासारखी बसते.
रुखसार पावसकर धरते तेव्हा वाटतं
पोरगी बापाच्या चपला घालून दारात उभी आहे.
बोट पोचावं म्हणून ती मनगट जरा वळवते
आणि गोळी जाते डावीकडे, खाली,
दर वेळी त्याच जागी.
रेंजवर म्हणाले, नेम कच्चा.
मी म्हटलं, साहेब, जी बाई दहाच्या दहा
एकाच जागी चुकते, तिचा नेम पक्का आहे,
माप चुकलंय.
हे कुणी लिहून घेतलं नाही.

नवीन प्लॅस्टिकच्या आल्या सहा.
वजन म्हणाल तर टिफिनच्या एका पुडाइतकं,
पाठीला बदलायच्या पट्ट्या: लहान, मध्यम, मोठी.
मी लहान पट्टी लावून ठेवली होती.
सहाही वरच्या मजल्यावर गेल्या, सहीनिशी,
मोठ्या हातांकडे.

मग मी कानस घेतली.
नियमात बसत नाही, पण मुठीच्या दोन्ही बाजू
दीड-दीड मिलिमीटर उतरवल्या.
पावसकर काही बोलली नाही.
नुसती मूठ आवळून बघितली,
भाजीवालीकडे लिंबू बघतात तशी.

शिवडीकडून खारं वारं येतं.
तेल दिलं नाही तर आठवड्यात तांब धरते.
काहींचा घामही लोखंड खातो;
घोरपकरनं सकाळी धरलेली स्लाइड
दुसऱ्या दिवशी तांबूस, बोटांच्या ठशांसकट.
भरवसा म्हणतात तो हा:
चिंधी, तेल, आणि कुणाला घाम येतो ते लक्षात ठेवणं.

मार्चमध्ये, रात्री अडीचला,
गोदीच्या भिंतीशी एक पोरगा
लोखंडी पहार घेऊन तिच्या अंगावर आला.
तिच्या जबाबात आहे,
खटका ओढला, गोळी उडाली नाही.
पोरगा पहार टाकून पळाला.
पिस्तूल माझ्याकडे आलं, तपासणीला.

स्प्रिंग ठीक. सुई ठीक. नळी स्वच्छ.
तेराच्या तेरा गोळ्या टेबलावर मांडल्या.
खटका ओढला असता
तर एकीच्या तरी टिकलीवर खळगा हवा होता,
सुईनं टोचलेला, डाळीएवढा.
भिंग लावून बघितलं.
तेराही टिकल्या कोऱ्या,
नवीन नाण्यासारख्या.

ट्यूबलाइट फुरफुरत होती.
मी पंचिंगचं मशीन उगाच सरळ केलं.
तिच्या हाताचं माप मला पाठ आहे, बेचक्यापासून पेरापर्यंत.
बोट आता खटक्यापर्यंत पोचतं.
मीच पोचवलंय.

रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
काडतूस दमट. शस्त्र निर्दोष.

त्या तीन-चार शब्दांपायी
त्या लॉटची अख्खी पेटी बाद झाली,
पाचशे चांगल्या गोळ्या,
आणि आता वरून पत्र आलंय:
साठवणुकीत ओल कुठून आली,
खुलासा करावा.

लिहायला बसलोय.
खोलीत ओल नाही कुठेच.
खिडकीला जाळी, कपाटात सिलिकाच्या पुड्या,
मे महिना.